सात नंबरचा सेन्सर

पडदा पुन्हा काळा पडला. मागून उरकुडे साहेबांनी विचारलं, "गेलं काय?"

"गेलं," मी म्हणाले.

खिडकीपाशी उभं राहून ते पन्नीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होते. खिडकीबाहेर पंखाघर होतं. खाणीतली हवा ओढून बाहेर फेकणारा तिथला मोठा पंखा सतत एकाच सुरात गुरगुरत असायचा. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत मला तो ऐकू येईनासा झाला होता, पण टेबलावर हात ठेवला की त्याची थरथर बोटांना जाणवायची.

त्या वेळी मी नागपूरला काळमेघ सरांच्या कंपनीत इंजिनिअर होते. कंपनी म्हणजे दोन खोल्या आणि मोजकी माणसं. चंद्रपूरकडच्या या भूमिगत कोळसा खाणीत हवा मोजणारी यंत्रणा काळमेघ सरांनीच बऱ्याच वर्षांपूर्वी बसवली होती. खाली ठिकठिकाणी सेन्सर, आणि वर या खोलीत दोन जुनी मशीनं. एक सेन्सर वाचायचं, दुसरं आकडे दाखवायचं. दोन्ही थकली होती. त्यांच्या जागी आता एकच नवं औद्योगिक मशीन आलं होतं. धुळीत आणि चंद्रपूरच्या उन्हात टिकणारी लोखंडी पेटी. तिच्यावर लिनक्स होतंच. त्याच्या जोडीला हायपरवायझर बसवून एकाच पेटीकडून दोघांचं काम करून घ्यायचं, यासाठी मला पाठवलं होतं.

उरकुडे साहेब खाणीचे व्हेंटिलेशन ऑफिसर. खाली माणसं ज्या हवेत श्वास घेतात तिची जबाबदारी त्यांची. निवृत्तीला आलेला, सावकाश बोलणारा माणूस. मी आले त्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, "हे हायपरवायझर करते काय नेमकं?"

"एका मशीनची दोन करतं," मी म्हणाले होते. "एका भागात लिनक्स. ते पडद्यावर आकडे दाखवेल, भोंगा वाजवेल. दुसऱ्या भागात फक्त सेन्सर वाचणारा प्रोग्रॅम. तो क्षणभरही अडकता कामा नये. दोघं एकमेकांच्या पायात येऊ नयेत हे हायपरवायझर बघतं."

"भावाभावांची वाटणी झाली की घराच्या मधात भिंत घालतात, तसं."

"तसंच."

पण वाटणी काही जमत नव्हती. आधी हायपरवायझर उठेच ना. मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये तशी परवानगीच बंद होती; ती चालू केली. मग ते उठलं, तर लिनक्स अर्ध्यावर थिजायला लागलं. दुसऱ्या भागासाठी राखून ठेवलेल्या मेमरीत ते खुशाल हात घालत होतं. तेही निस्तरलं. आणि आता ज्या नेटवर्क पोर्टवर सेन्सर जोडलेले होते, तो पोर्ट लिनक्स सुरू होताच स्वतःकडे ओढून घेत होतं, की दुसरा भाग आंधळा, आणि मागोमाग सगळं मशीन काळं.

"मॅडम, आजच्यानं होत नसंल तर राहू द्या," उरकुडे साहेब म्हणाले. "जुनं चालूच आहे."

ते खरं होतं. जुनी मशीनं शेजारच्या टेबलावर चालू होती. त्याच सेन्सरांच्या तारा दोन्हीकडे दिल्या होत्या, म्हणजे नवं नीट बसलं की आकडे ताडून पाहता येतील. जुन्या पडद्यावर सगळं हिरवं होतं.

मी लिनक्सला सुरुवातीलाच बजावणारी एक ओळ घातली, की तो पोर्ट तुझा नाही, त्याला हात लावायचा नाही. मशीन पुन्हा सुरू केलं. या वेळी पडदा उजळला तो उजळलेलाच राहिला. एकेक सेन्सर जागा झाला. एक नंबर, दोन, तीन. आकडे जुन्या मशीनशी जुळत होते. चार, पाच, सहा जुळले.

सातव्याचा रंग लाल आला.

जुन्या पडद्यावर सात नंबरपाशी सहाचा आकडा होता. नव्यावर बेचाळीस.

"हे काय?" उरकुडे साहेब जवळ आले.

"बघते," मी म्हणाले. मला त्याचं काही वाटलं नाही. आदल्या दिवसापासून त्या पेटीनं इतके प्रकार केले होते की हा त्यातलाच आणखी एक. भोंगा वाजायला लागला होता, तो मी बंद केला.

सात नंबरचा सेन्सर कुठे आहे, ते त्यांनीच सांगितलं. पूर्वेकडच्या बाजूला खाणीचा एक जुना भाग होता, कोळसा काढून झाल्यावर कायमचा बंद केलेला. इकडचा कोळसा हवेत राहिला की आपोआप तापतो, आत कुठेतरी धुमसायला लागतो. म्हणून तो भाग जाड भिंत घालून बुजवला होता. भिंतीच्या बाहेरच्या अंगाला सात नंबर टांगलेला होता. तो कार्बन मोनॉक्साइड मोजायचा. त्या वायूला वास नसतो, रंग नसतो. माणसाला आधी नुसती झोप येते.

"आणि भिंतीच्या पुढे?"

"पुढं कामाची जागा आहे. यासीन शेखची गँग. आता पहिली पाळी खालीच आहे."

त्यांनी हे साध्या आवाजात सांगितलं. मीही साधेपणानंच ऐकलं आणि कामाला लागले.

पहिला संशय माझ्याच वाटणीवर होता. दोन भाग मेमरीत एकाच ठिकाणी लिहीत असतील, तर आकड्यांची सरमिसळ होते. तसं नव्हतं. मग वाटलं, प्रोग्रॅम अडकत असेल, जुनाच आकडा पुन्हापुन्हा वाचला जात असेल. पण आकडा जुना नव्हता. माझ्या डोळ्यांदेखत तो बेचाळीसचा त्रेचाळीस झाला.

मग मी नव्या मशीनच्या तारांच्या पेटीपाशी गेले. सात नंबरची तार काढून चारच्या जागी लावली, आणि चारची सातच्या जागी. खराबी मशीनमध्ये असती, तर ती सातच्या जागीच राहिली असती. मी पडद्याकडे वळले. सातची जागा हिरवी झाली होती. लाल आकडा तारेबरोबर चारच्या जागी गेला होता.

मग लिनक्स पूर्ण बंद करून नुसता दुसरा भाग चालवला. पेटीवरच्या छोट्या पडद्यावर आकडा आला, सेहेचाळीस. एक-एक कारण संपत चाललं होतं. एरवी कामात ही आनंदाची गोष्ट असते. चूक कोपऱ्यात सापडत चालल्याची. त्या दिवशी प्रत्येक कारण संपलं की मी आणखी एखादं शोधत होते.

मी काळमेघ सरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"जुन्यावर किती आहे?"

"सहा."

"मग झालं. हायपरवायझर काढून टाक, जुनं चालू ठेव आणि परत ये. पुढच्या आठवड्यात मी येतो."

"सर, मी तारा बदलून बघितल्या. मशीनची चूक नाही."

"हर्षला, दोन दिवस जे मशीन धड उभं राहत नाही, त्याच्या जोरावर तू चालू खाण थांबवणार आहेस का? तिथे कोणाशी काही बोलू नकोस. उगाच घबराट होईल." त्यांनी फोन ठेवला.

उरकुडे साहेब माझ्याकडे बघत होते. खर्ऱ्याची पन्नी तशीच मुठीत होती.

"मॅडम, खरं सांगा. नवं खोटं बोलते की जुनं?"

"नवं खरं बोलतंय," मी म्हणाले.

"पक्कं?"

"पक्कं. पण मला हे कळत नाही, की तीच तार, तोच सेन्सर, मग जुन्यावर सहा कसे? एवढे दिवस सहाच कसे?"

ते खुर्चीवर बसले. हळूहळू, गुडघे दुखणाऱ्या माणसासारखे.

"ते मी करायला लावलं," ते म्हणाले.

पुढे चौकशीतही त्यांनी हे असंच, जवळपास याच शब्दांत सांगितलं. भिंतीच्या पुढे काम सुरू झालं तेव्हा तिथे सुरुंग उडवत. सुरुंग उडाला की त्याच्या धुराचा वायू सेन्सरला लागायचा आणि भोंगा वाजायचा. माणसं काम टाकून बाहेर यायची. थोड्या वेळानं हवा साफ व्हायची, माणसं परत आत जायची. रोज हेच. वरून विचारणा व्हायला लागली. शेवटी उरकुडे साहेबांनी काळमेघ सरांना म्हटलं, सात नंबरनं एकदम उडी मारली तर तो आकडा धरूच नका, आधीचाच दाखवा. सरांनी तसं करून दिलं.

"सुरुंगाचा धूर निघून जाईल, आकडा खाली येईल, मग पुन्हा नीट दाखवील, असं धरलं होतं आम्ही," ते म्हणाले.

"आणि आकडा खाली आलाच नसेल तर?"

शेजारच्या पडद्यावर तो सहा शांत हिरवा उभा होता. कधीपासून उभा होता, हे आम्हा दोघांपैकी कोणालाच माहीत नव्हतं.

"हातातल्या यंत्रानं तपासत नाहीत का कोणी?"

"तपासतात. पण भिंतीपर्यंत जायला वाकून जा लागते. सहाचाच आकडा आहे म्हटल्यावर…" त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि खाणीच्या फोनचा हँडल फिरवला.

"साहेब, आता तपासणं नको. सगळ्यांना बाहेर बोलवा," मी म्हणाले.

"एका फोनवर अख्खी पाळी बाहेर काढता येत नाही, मॅडम. मॅनेजर विचारील, कशाच्या जोरावर. मला एक माणूस पाह्यजे जो म्हणंल, मी पाह्यलं."

पलीकडे फोन उचलला गेला. ओव्हरमन यासीन शेख, खालच्या गँगचा प्रमुख. मी त्याला आदल्या दिवशी एकदाच पाहिलं होतं, बत्तीघरापाशी, कमरेला दिव्याची बॅटरी बांधताना. "नागपूरचं मशीन आमच्या खदानीत नाही जगत, मॅडम," असं म्हणून तो हसला होता. तो आणि उरकुडे साहेब एकाच वर्षी खाणीत लागले होते, हे मला नंतर कळलं.

"यासीन, सात नंबरच्या भिंतीकडं जाऊन ये," साहेब म्हणाले. "तुझं यंत्र घेऊन जा. तोंडाची डबी हाताशी ठेव. जास्त थांबू नको. पाहून लगेच फोन कर."

तोंडाची डबी म्हणजे रेस्क्यूअर. खाली जाणाऱ्या प्रत्येकाच्या कमरेला असते. विषारी हवेत तोंडाला लावली तर थोडा वेळ तग धरता येतो.

साहेबांनी फोन खाली ठेवला. नव्या पेटीच्या छोट्या पडद्यावर आकडा चढत होता. उरकुडे साहेब उठले आणि त्यांनी जुन्या मशीनचं बटण दाबून ते बंद केलं. का, ते मी विचारलं नाही.

फोन वाजला. त्यांनी उचलला, आणि यासीनचा आवाज मलाही ऐकू आला, इतका तो मोठ्यानं बोलत होता.

"साहेब, भिंतीला हात लावला. गरम आहे. खालच्या अंगाला फट पडली. माझं यंत्र ओरडून राहिलं."

"तिथून निघ. सगळ्यांना बाहेर काढ. आत्ताच्या आत्ता. माझं नाव सांग."

"होय. आत पंपावर मारोती आहे, त्याला घेतो."

"यासीन, मारोतीला दुसरं कोणी…"

पण फोन ठेवला गेला होता.

पुढचं सगळं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. साहेबांनी मॅनेजरला फोन केला आणि त्यांच्या होकाराची वाट न बघता खाणीचा भोंगा वाजवायला सांगितला. आम्ही खाणीच्या तोंडाशी गेलो. तिथून उताराचा रस्ता जमिनीत उतरतो आणि थोड्या अंतरावर दिसेनासा होतो. दुपारचं ऊन इतकं पांढरं होतं की ते तोंड काळ्या कापडासारखं दिसत होतं. त्या कापडातून दिवे बाहेर येत होते. आधी दिवा, मग माणूस. बत्तीघराचा कारकून दारात उभं राहून नावं घेत होता.

माणसं बाहेर येऊन बसत होती. कोणाचं डोकं दुखत होतं, एक जण उलटी करत होता. कोणीतरी म्हणालं, सकाळपासून जीव जड वाटत होता, वाटलं उन्हानं. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. मी कोण, ते त्यांना माहीत असायचं कारणही नव्हतं.

नावं घेता घेता कारकून थांबला. दोन राहिली होती.

रेस्क्यूची गाडी दुसऱ्या खाणीहून यायची होती. उरकुडे साहेबांनी स्वतःच्या डोक्याला दिवा लावला तेव्हा दोघांनी त्यांना दंडाला धरून मागे ओढलं. त्यांनी झटापट केली नाही. नुसते उभे राहिले.

मग उताराच्या तळाशी एक दिवा दिसला. तो हलत होता, थांबत होता, पुन्हा हलत होता. वर आल्यावर दिसलं, ते दोघं होते. यासीननं मारोतीला जवळपास पाठीवर घेतलं होतं. मारोतीच्या तोंडाला डबी होती. यासीनच्या कमरेची जागा रिकामी होती. मारोतीची डबी पंपापाशी, जेवणाच्या डब्याच्या पिशवीत राहून गेली होती.

यासीननं मारोतीला खाली ठेवलं आणि उरकुडे साहेबांकडे बघून म्हणाला, "पाह्यलं मी, साहेब." त्याचा चेहरा लालसर, चांगला तरतरीत दिसत होता. मला वाटलं, सुटला. तो रंग त्या वायूचा असतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तो बत्तीघराच्या भिंतीला टेकून बसला, आणि आम्ही पाणी आणेपर्यंत एका अंगावर कलला.

मारोती वाचला. बाकीची सगळी पाळीही वाचली. त्याच दिवशी पूर्वेकडची बाजू बाहेरून भिंत घालून बंद करण्यात आली, ती पुन्हा उघडली नाही. काळमेघ सरांनी चौकशीत सांगितलं की असा कुठला बदल केल्याचं त्यांना स्मरत नाही. त्यांच्यानंतर मला बोलावलं होतं. मी जे पाहिलं आणि फोनवर जे ऐकलं ते सगळं सांगितलं, आणि नागपूरला परत आल्यावर नोकरी सोडली. नंतर त्यांनी एकदा फोन केला होता. मी उचलला नाही.

पण हे सगळं पुढचं. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही सरकारी इस्पितळाच्या व्हरांड्यात उभे होतो. डॉक्टर बाहेर येऊन सांगून गेले होते. यासीनची बायको रेहाना बाकावर बसली होती. शेजारच्या बायांनी तिला दोन्ही बाजूंनी धरलं होतं. ती रडत नव्हती. खाणीतले लोक येत होते, तिच्यासमोर उभे राहत होते आणि प्रत्येक जण सांगत होता, त्यानं सगळ्यांना वाचवलं. ती मान हलवत होती.

बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "गँग तर भिंतीपासून दूर, रस्त्याकडं होती म्हणतात. मग हे त्या भिंतीकडं काहून गेले?"

मॅनेजर तिथे होते, ते खिशात काहीतरी शोधायला लागले. एक जण पुटपुटला, "ड्यूटी होती, भाभी."

"कोणी पाठवलं त्यांना?"

उरकुडे साहेब माझ्या शेजारी होते. या गर्दीत तो फोन ऐकलेली मी एकटीच होते, आणि त्यांनी त्या वेळी माझ्याकडे पाहिलंही नाही. ते पुढे झाले आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"मी," ते म्हणाले. "ही पोरगी मला सांगत होती, पाठवू नका, सगळ्यांना बाहेर काढा. मी ऐकलं नाही. मी पाठवलं."

बायांपैकी एकीनं तोंडावर पदर धरला. रेहाना त्यांच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, ती आता किंचाळेल, किंवा त्यांना मारेल, आणि त्यांनी मार खाल्ला असता.

"पोरं घरी आहेत," ती म्हणाली. "त्यांना अजून कोणी सांगितलं नाही. धाकटी तुमच्याच खांद्यावर बसून उरूस पाहायची, भाऊ. तिला तुम्ही सांगा."

साहेब उठले. पायऱ्या उतरताना ती पुढे होती आणि ते तिच्यामागे. बाहेर कोणाची तरी जीप उभी होती, ती त्यांच्यासाठी पुढे आली, पण रेहानानं तिच्याकडे बघितलं नाही. ती चालत निघाली, आणि तेही तिच्यामागे चालत गेले.